समास : अठ्ठावीस मिलिमीटर

हेजीबसाहेब, पाटबंधारे खात्यातून निवृत्त,
पाण्याच्या शब्दांचा कोश घेऊन आले
अप्पा बळवंत चौकामागच्या आमच्या माळ्यावर.
दोनशे बारा पानं. प्रत्येकाच्या माथ्यावर
डावीकडे पहिला शब्द, उजवीकडे शेवटचा,
खाली बारीक रेघ :
आड                    ओहळ

पहिल्याच प्रुफात रेघ खाली उतरली,
'कोंडी'ची वेलांटी कापली,
'निर्झरा'चा रफार गिळला.
ही प्रणाली ज्यानं रचली, त्याच्या लिपीत
अक्षरांना डोक्यावर फारसं काही वाहायचं नसतं.
आमच्यात मात्रा, रफार, वर पुन्हा अनुस्वार,
हंड्यावर कळशी, कळशीवर तांब्या.

मी आज्ञा लिहिते : शीर्ष आणि मजकूर यांत बारा पॉइंट.
नाही. चौदा.
तरी 'आवर्त' अडकतोच. अठरा.
आता सगळं पान खाली सरकलं
आणि तळाची ओळ पृष्ठक्रमांकावर जाऊन बसली.
वर दिलं की खाली कमी पडतं,
एवढं साधं, तरी दर वेळी
मला ते नव्यानं कळतं.

साहेब खिशातून शाळकरी पट्टी काढून पडद्याला लावतात.
"पडद्यावर नको, कागदावर मोजा."
ते कागदावर मोजतात.
"सहाच्या थोडं वर. याला आम्ही फ्रीबोर्ड म्हणायचो.
धरण तुडुंब भरलं तरी भिंतीचा माथा कोरडा राहावा
म्हणून सोडलेली उंची."
पट्टी परत खिशात.
"गावं रेषेच्या खालीच होती म्हणा."

ज्यांच्या हाताखाली मी शिकले ते दादामियाँ अत्तार,
जुन्या छापखान्यातले शेवटचे जुळारी, म्हणायचे :
खिळे कुणीही जुळवतो गं,
कोरी जागा जुळवायला शिशाच्या पट्ट्या लागतात.
उचलून बघ, वजन तिलाही असतं.
आता वजन नाही. आकडा आहे.
आणि शब्दही गमतीचा :
व्याकरणात समास म्हणजे दोन पदं चिकटवणं,
आमच्यात समास म्हणजे जिथे काही चिकटवायचं नाही.

"आतला वीस ठेवते. चारेक शिवणीत जातील. बाहेरचा?"
"अठ्ठावीस."
"अहो, पानं अडीचशेच्या वर जातील. कागदाचा भाव बघा."
"जाऊ देत. यातले निम्मे शब्द मी नुसते ऐकून टिपलेत,
हातात मोजणीची साखळी,
सांगणारा घरावरची कौलं उतरवतोय.
चुकले असणार.
ज्याला ठाऊक आहे, त्याला लिहायला जागा हवी."

दोनशे अठ्ठावन्न झाली. माझं कमिशन वाढलं, मी बोलले नाही.

दीड वर्षानं एक प्रत परत आली, तेलकट, कोपरे दुमडलेली.
मुळशीकडच्या गुणाबाई मरगळे, वाचता येत नाही,
नातू वाचायचा, त्या सांगायच्या, तो लिहायचा.
अठ्ठावीसच्या अठ्ठावीस मिलिमीटर भरलेले, पेन्सिलीनं,
काही ठिकाणी चढत चढत रेघ ओलांडून
माझ्या अठरा पॉइंटांत घुसलेले.
'डोह' : इथं म्हसरं नेत नसू.
'पाट' : हे बरोबर.
'झिरा' : हा न्हाई. ह्यो वैशाखात आटतो.
आमचा आटत नव्हता, त्याला आम्ही
आणि पुढे काहीच नाही.
नातवाला ते अक्षरांत बसवता आलं नसावं,
त्यानं जागा सोडली आहे.
मग : म्हणायचो.

दुसऱ्या आवृत्तीत सगळं आत घ्यायचं, साहेब म्हणतात,
हेसुद्धा.
मी पट्टी लावते. नऊ मिलिमीटर.
नोंद करून ठेवली आहे.
अकारविल्हे ती कुठल्या पानावर जाते
आणि त्या पानाच्या माथ्यावर डावीकडे काय छापायचं,
एवढंच अजून ठरत नाही.